सतरा नंबरचा पाला

माझ्या हातून जेवढी अंडी फुटली, तेवढी जालन्याच्या स्टँडसमोरच्या आम्लेटच्या गाड्यांवरही फुटली नसतील. त्यातलं एकही मी खाल्लं नाही. खायची सोयच नव्हती, कारण प्रत्येकात मी आधी फ्लूचा विषाणू टोचलेला असे.

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "विषाणूंशी लढलेल्या बाईचे अनुभव लिहा." मी म्हटलं, लढले वगैरे काही नाही हो. भोकं पाडली, मेण लावलं, काचा धुतल्या आणि वहीत लिहिलं. पण अलीकडे विषाणू हा शब्द घराघरात गेल्यापासून लोकांना माझं काम एकदम मोठं वाटायला लागलंय. आम्ही ते करत होतो तेव्हा शेजारणी विचारायच्या, "सरकारी कोंबड्यांच्या दवाखान्यात आहेस ना गं तू?" मी हो म्हणून टाकत असे. समजावून सांगायचा कंटाळा यायचा.

तर गोष्ट बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतली. जालना तेव्हा जिल्हा झाला नव्हता. शहर औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि माझं गाव आष्टी परभणीत. वडील प्राथमिक शिक्षक. छपन्न सालानंतर आमच्या घरात दोन गोष्टी बदलल्या. भिंतीवरच्या तसबिरी बदलल्या आणि मुलींनीही शिकायचं हे ठरलं. मी बी.एस्सी. झाले आणि जालन्यात नोकरीला लागले. एका ट्रस्टचं हे संशोधन केंद्र होतं, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात. ज्या शेडमध्ये पूर्वी सरकी साठवायचे तिथे आमचं टेबल, फ्रिज आणि उबवणीचं कपाट. केंद्राचे प्रमुख एक डॉक्टर होते. मोठ्या शहरातली नोकरी सोडून आलेले, बारीक, दम्याचे, बोलायला मऊ. त्यांना आम्ही नुसतं सर म्हणत असू.

काम असं होतं. गावोगाव लोक सर्दी-तापावर काही ना काही पाला उकळून पितात. त्यातल्या एखाद्या झाडात खरंच फ्लूच्या विषाणूला अडवणारं काही आहे का, ते पाहायचं. विषाणू नुसत्या पाण्यात वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागते. सगळ्यात स्वस्त जिवंत पेशी म्हणजे दहा दिवस उबवलेलं अंडं. आधी ते अंधाऱ्या खोक्यात दिव्यासमोर धरायचं. आत लाल रेघा दिसल्या आणि काळा ठिपका हलला, म्हणजे पिल्लू जिवंत. मग कवचाला बारीक भोक पाडून विषाणू आणि झाडाचा अर्क यांचं मिश्रण सुईने आत सोडायचं, वर मेण लावायचं आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. तिसऱ्या दिवशी आतलं पाणी काढून त्यात कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी मिसळायच्या. विषाणू वाढला असेल तर तो पेशींना एकमेकींना धरून ठेवतो आणि काचेच्या वाटीच्या तळाला लालसर चादर पसरते. विषाणू नसेल तर पेशी घसरत मधोमध जमतात आणि कुंकवाची टिकली लावल्यासारखा ठिपका पडतो. चादर म्हणजे झाड फुकट गेलं. टिकली म्हणजे काहीतरी आहे.

एवढंच. बाकी सगळं कष्टाचं आणि कंटाळ्याचं. पाच वर्षांत आम्ही दोनशेच्या वर झाडं पाहिली आणि बहुतेक वेळा चादर पाहिली.

अंडी राजूरहून यायची. तिथे रखमाजी नावाचे एक गृहस्थ होते, त्यांच्याकडे कोंबड्यांचा मोठा कळप होता. कोंबडा कळपात असलेलीच अंडी आम्हाला चालत, दुकानातली नाही. त्यात पिल्लू कुठून येणार? रखमाजी टोपलीत भुसा घालून, टोपली मांडीवर घेऊन एसटीने येत. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी आमचं कपाट पाहिलं, अंडी पाहिली, माझ्या हातातली सुई पाहिली.

"दहा दिस उबवून राह्यले तुमी?"

"हो."

"आन मंग भोक पाडता?"

"हो."

"मंग पिल्लाचं काय?"

मी पुढचं अंडं दिव्यासमोर धरलं. ते टोपली उचलून दारापर्यंत गेले आणि तिथून म्हणाले, "ताई, येवढं उबवलं तं कोंबडी झाली आसती, ती तरी काय वाईट व्हती?" पुढच्या खेपेला मात्र बिनतक्रार आले. त्यांचा एकच नियम होता. चतुर्थीला ते अंड्याला हात लावत नसत. राजूरच्या गणपतीच्या पायथ्याशी राहून बाप्पाच्या दिवशी अंडी विकायची म्हणजे काय! शिवाय त्या दिवशी एसटीत उभं राहायला जागा नसे, अंड्यांचा चुरा झाला असता. त्यामुळे आमच्या प्रयोगाचं वेळापत्रक सर पंचांग पाहून लावत. अंगारकी आली की आधी चार दिवस आमची धांदल उडायची. मुंबईहून एक साहेब भेटीला आले तेव्हा त्यांनी भिंतीवरचं पंचांग पाहून भुवया उंचावल्या. सरांनी त्यांना चतुर्थीचा आणि फ्लूचा संबंध इतक्या गंभीरपणे समजावला की साहेबांनी तो डायरीत लिहून घेतला.

फसवणाऱ्या झाडांचीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. परतूरचे एक वैद्य स्वतःचं चूर्ण घेऊन आले होते. "घ्या तपासून. बिलकुल जालीम आहे." आम्ही तपासलं, तर वाट्यांत चादरही नाही आणि टिकलीही नाही. नुसतं लाल पाणी. वैद्य खूश झाले. चूर्णात रिठा होता. रिठ्याने लाल पेशीच फुटून गेल्या होत्या, मग पसरणार काय आणि जमणार काय? बाभळीच्या सालीने एकदा असंच फसवलं, आवळ्याने दोनदा. झाड काय करतं ते पाहताना, आपणच काय करून बसलोय ते आधी पाहायचं. सर हे आठवड्यातून एकदा म्हणत. मी मान डोलावत असे. मान डोलावणं सोपं असतं.

गयाबाई आम्हाला जांब समर्थच्या शिवारात सापडल्या. सर गावोगाव फिरून सर्दीचे काढे विचारत होते, तेव्हा लोकांनी त्यांचं घर दाखवलं. हिवाळ्यात अख्ख्या गल्लीला ताप आला की त्या एका आंबटसर पाल्याचा काढा करून घरोघर देत. वय पस्तीस-छत्तीस असेल. नवरा वारलेला, दोन मुली पदरात. रोजाने शेतावर जात. सरांनी त्यांना विचारलं, आमच्याकडे झाडपाला आणून द्याल का? त्या जालन्यात आल्या. आमच्या आवारामागेच एक खोली घेतली, मुलींना आईकडे गावी ठेवलं आणि कामाला लागल्या. रोजावर. माझी नेमणूक कायम होती, त्यांची रोजावर. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मी शिकलेली होते ना.

त्या पाल्याला आमच्या वहीत सतरा नंबर मिळाला. झाडाचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. मागच्या साथीत लोकांनी काय काय उकळून प्यायलं ते मी पाहिलंय.

बाकीची झाडं आम्ही सावलीत वाळवून, कुटून, काचेच्या बाटल्यांत स्पिरिटमध्ये भिजवत असू. सतरा नंबरचं तसं चालेना. गयाबाई म्हणाल्या, "वाळला की त्यो मेला. ताजाच उकळाया लागतो. आमी गाडग्यात करतो." सरांना पुढे अर्क आटवून त्यातले घटक वेगळे करायचे होते, त्याला बराच काढा लागणार होता. दहा शेर पाला गाडग्यात कसा मावणार? स्टीलचं एवढं भांडं परवडणारं नव्हतं, काचेचं मिळणारं नव्हतं. मी जुन्या बाजारात जाऊन एक तांब्याचं पातेलं आणलं. जुनं, जाड, कड जरा चेमटलेली. आत कल्हई होती, म्हणजे कुठेकुठे होती. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे."

आणि सतरा नंबरने टिकली दिली.

तो दिवस मला आठवतो. मी वाट्यांची प्लेट खिडकीशी नेली, परत टेबलावर आणली, परत खिडकीशी नेली. ओळीने टिकल्या. सर आले, त्यांनी चष्मा पुसला आणि पाहिलं. "परत करा," एवढंच म्हणाले. परत केलं, परत टिकल्या. काढा जास्त घातला की अंड्यातलं पिल्लू मरायचं, म्हणून आम्ही तो पातळ केला. तरी टिकल्या. आंबट पाण्यानेही विषाणू मरतो, म्हणून काढ्यातला आंबटपणा आम्ही सोडा घालून आधी मारत असू. एवढं शहाणपण होतं आमच्याकडे. तुलनेसाठी प्रत्येक वेळी काढ्याऐवजी बाटलीतलं शुद्ध पाणी विषाणूत मिसळून टोचत असू, तिथे बरोबर चादर यायची. मग काय शंका? काढा हिरवट दिसायचा. पाल्याचाच काढा, हिरवाच असणार.

गयाबाईंना मी टिकल्या दाखवल्या. त्या वाकून बराच वेळ पाहत राहिल्या.

"हे माझ्या पाल्यानं झालं?"

"तुमच्याच."

"अगं बया," त्या म्हणाल्या आणि पदराने हात पुसून परत पाहिलं. नंतर त्या बाहेर गेल्या आणि आवारात रक्तासाठी पाळलेल्या कोंबड्याला मूठभर ज्वारी टाकून त्याला काहीतरी सांगत बसल्या. तो कोंबडा माझ्या सुईला घाबरून माझ्याकडे फिरकत नसे. त्यांच्या मात्र मागेमागे असायचा.

सरांनी ट्रस्टला कळवलं. ट्रस्टची समिती येणार असं पत्र आलं आणि माझी साफसफाई सुरू झाली. मी टेबलं घासली, पडदे धुतले. पातेलं मात्र कितीही घासलं तरी आतून काळपट-तांबूसच राही. त्याच सुमारास गल्लीत कल्हईवाले चाचा आले. म्हातारे, दाढीला मेंदी लावलेली. आवाराच्या कोपऱ्यात त्यांनी खड्डा केला, भाता जोडला, पातेलं तापवलं, नवसागराचा धूर काढला आणि कापसाच्या बोळ्याने कथील फिरवलं. पातेलं आतून चांदीसारखं लखलखलं.

"देखो बाई," चाचा म्हणाले. "पहले तो इसमें कल्हई थीच नहीं. किसका खाना पका रहे थे इसमें?"

"खाना नहीं, दवा," मी म्हणाले.

"दवा!" ते हसले. "तो अब पकाव बराबर."

मी त्यांना पैसे दिले आणि पातेलं जागेवर ठेवलं. ते मला म्हणाले होते आणि मी ऐकलं होतं. त्याचा अर्थ कळायला मला तीन महिने लागले.

समिती आली. तीन माणसं होती. त्यांनी लखलखीत पातेलं पाहिलं, वही पाहिली, गयाबाईंना नमस्कार केला. जाताना त्यातले अध्यक्ष सरांना म्हणाले, "आमच्यासमोर आलेले आकडे उत्तम आहेत. याच पाल्याच्या आणखी तीन खेपा करून दाखवा. तशाच निघाल्या तर पुढची तीन वर्षं मंजूर. आणि या बाईंनाही कायम करून घेऊ." गयाबाई दाराशीच उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. त्या संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, "ताई, कायम झाले की पोरींना इथं आनते. थोरली सातवीत हाय. जालन्याच्या साळंत घालते." मी म्हटलं, मी स्वतः येते नाव घालायला.

पहिली खेप. चादर.

मला वाटलं माझंच काही चुकलं. विषाणू जास्त पडला असेल, अंडी शिळी असतील. दुसरी खेप केली, चादर. सरांचा दमा वाढला. त्यांनी गयाबाईंना बोलावलं.

"पाला कुठून आणला?"

"तिथूनच, सायेब."

"नक्की तेच झाड?"

"मी काय आंधळी हाय का?" गयाबाई म्हणाल्या. मग आवाज उतरला. "त्योच हाय, सायेब. मी लहानपनापासून तोडून राह्यले."

सरांनी त्यांना परत जांबला पाठवलं. जिथून पहिल्यांदा पाला आणला होता त्याच बांधावरून, त्याच झुडपांवरून आणायचा म्हणून. त्या गेल्या, दोन दिवसांनी पोतं डोक्यावर घेऊन आल्या. एसटी चुकली म्हणून बरीच वाट चालत आल्या होत्या. पाला शिळा होऊ नये म्हणून पोतं वाटेत तीनदा भिजवलं होतं. तिसरी खेपही चादरच.

मी तेव्हा मनातून त्यांनाच दोष दिला, हे लिहायला हवं. मला वाटलं, घाईत दुसरंच काही तोडून आणत असतील. सुगीचे दिवस होते, शिवारात जाऊन निवांत शोधायला वेळ कुणाला? मी त्यांच्याशी नीट बोलेनाशी झाले. त्यांनीही विचारणं सोडलं. कोंबड्याशी बोलायच्या फक्त.

सणासाठी मी आष्टीला गेले. दुपारी जेवायला बसले तर आईने आंबाडीच्या भाजीचं पातेलं उचललं आणि भाजी उकिरड्यावर टाकून आली.

"का गं टाकलीस?"

"कळकली. हिरवीगार झाली बघ कडेनं. कल्हई गेलीय भांड्याची, मला ध्यानच राह्यलं न्हाई."

घास माझ्या हातातच राहिला. कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवलं की कळकतं. तांबं पोटात गेलं की माणूस ओकून ओकून बेजार होतो. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही पोरीला माहीत असतं. ताक पितळेत ठेवलं म्हणून मी लहानपणी मार खाल्ला होता. आणि तीच मी, पदवी घेतलेली, सहा महिने आंबट पाला उघड्या तांब्यात तासन्‌तास उकळत बसले होते आणि हिरवं पाणी पाहून खूश होत होते. घरात असते तर पहिल्याच दिवशी नाक मुरडलं असतं. पण ती प्रयोगशाळा होती, आणि प्रयोगशाळेत मी स्वयंपाकघरातली अक्कल बाहेर ठेवून जात असे. बाईने विज्ञानात काम करायचं तर ती बाहेरच ठेवायची असते, असं मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी ठेवली.

मी सुट्टी अर्धी टाकून परत आले. येताना आईचा कल्हई गेलेला तांब्याचा गडू आणला. चिंचेचं पाणी करून निम्मं गडूत उकळलं आणि निम्मं काचेत. तिसरा काढा केला सतरा नंबरच्या पाल्याचा, काचेत. तिन्हींचा आंबटपणा सोड्याने मारला आणि अंडी टोचली. तिसऱ्या दिवशी पाहिलं. काचेतली चिंच, चादर. काचेतला पाला, चादर. गडूतली चिंच, ज्यात सतरा नंबरच्या पाल्याचं एक पानही नव्हतं, तिथे ओळीने टिकल्या. खात्रीसाठी कपाटातल्या मोरचूदाची, म्हणजे तांब्याच्याच क्षाराची, चिमूट पाण्यात टाकून तेही करून पाहिलं. टिकल्या. विषाणूला तांबं मारत होतं. पाला बिचारा फक्त आंबट होता.

सरांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "नुसतं पाणी ठेवलं तुलनेला. त्या भांड्यातलं आंबट पाणी ठेवायला हवं होतं. मी इतकी वर्षं शिकवतोय." मग माझ्याकडे वळले. "तुमची चूक नाही. माझी आहे." मला रडू आलं. चूक माझीही होती. भांडं मी आणलं होतं, कल्हई मी करून घेतली होती, आणि आधी ती उडालेली होती हेही मीच पाहिलं होतं.

इथपर्यंत आम्ही नीट वागलो, असं मला वाटतं. पुढचं सांगायला जड जातं.

अहवाल पाठवायचा होता. सर म्हणाले, भांड्याचं लिहिलं तर आतापर्यंतच्या प्रत्येक आकड्यावर शंका येईल आणि केंद्र बंद होईल. खोटं लिहायचं नाही, पण सगळं उगाळायलाही नको. त्यांनी एक वाक्य सांगितलं आणि मी टाइप केलं. "वनस्पतीच्या नमुन्यांमध्ये सातत्य आढळून आले नाही, सबब पुढील काम थांबविण्यात येत आहे." ते वाक्य मला तेव्हा फार चतुर वाटलं. खोटं म्हणावं तर तसं नाही, आणि कुणाचं नावही नाही.

महिन्याभरात ट्रस्टचं उत्तर आलं. केंद्र चालू ठेवावं. मात्र नमुन्यांत सातत्य नसल्यामुळे रोजंदारीवर पाला गोळा करण्याची पद्धत बंद करून माल यापुढे व्यापाऱ्याकडून घ्यावा.

सरांनी गयाबाईंना बोलावून सांगितलं, काम संपलं. त्यांनी विचारलं, "पाल्याचं काय झालं?" सर म्हणाले, "नाही निघाला तो." गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी प्लेट धूत होते. धूतच राहिले. त्या खोली रिकामी करून गेल्या. कोंबडा दोन दिवस आवाराच्या फाटकाशी फिरत होता. पुढे केंद्रही चार वर्षांतच बंद पडलं. सर दम्याने गेले. मी दवाखान्याच्या रक्तपेढीत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पेन्शन मिळते.

बारा-तेरा वर्षांनी मी आष्टीला गेले होते. बाजाराचा दिवस होता. भाजीच्या ओळीत कुणीतरी हाक मारली, "ओ अंड्याच्या ताई!" गयाबाई होत्या. केस पिकलेले. पुढ्यात मेथीच्या जुड्या आणि पोत्यावर चुक्याची भाजी. मला त्यांनी पोत्याच्या कोपऱ्यावर बसवलं. मी मुलींचं विचारलं.

"थोरलीचं त्याच साली लगीन करून टाकलं. मंग काय करनार? धाकटी शिकली सातवीपोतर." त्या गिऱ्हाइकाला मेथी देऊन परत माझ्याकडे वळल्या. "ताई, एक इचारू का? मला लई दिस झोप न्हाई लागली. माझंच काय चुकलं असंल? बांध बदलला का, येळ चुकली? पुन्हा त्यो काढा मी कोन्हाला दिला न्हाई. म्हनलं, आपल्या हाताचा गुनच गेला."

मी सांगून टाकलं. पातेलं, कल्हई, गडू, चिंच, सगळं. त्यांना समजेल असं सांगायची गरज पडली नाही. कळकणं त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. कल्हईपाशी आल्याबरोबर त्यांनी कपाळाला हात लावला. मग बराच वेळ मेथीच्या जुडीची पिवळी पानं काढत राहिल्या.

"म्हंजे पाल्यात गुन न्हाईच?"

"विषाणूवर नाही. अंड्यात तरी नाही. माणसांवर आम्ही कधी पाहिलंच नाही, गयाबाई."

"ते असू द्या." त्यांनी जुडी खाली ठेवली. "मी आनत व्हते त्यो पाला बराबर व्हता?"

"बरोबर होता. प्रत्येक वेळी."

"भांडं कोनाचं?"

"आमचं. मी आणलं होतं."

"कल्हई?"

"मीच करून घेतली."

"आन कागुद कोन लिव्हला?"

"सरांनी सांगितला. टाइप मी केला."

त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. आवाजात राग नव्हता. हिशोब जुळत नाही तेव्हा माणूस विचारतं तसं विचारलं.

"मंग घरी मी कामून गेले?"

सर गेलेले होते. समिती होती, ट्रस्टचा नियम होता, केंद्र वाचवायचं होतं. सांगण्यासारखं बरंच होतं आणि सगळं माझ्या जिभेवर आलं. पण बाजारात, त्या पोत्यावर बसून, त्यांच्यासमोर ते बोलवेना.

"मी कायम होते, गयाबाई," मी म्हणाले. "तुम्ही रोजावर होतात."